नडगीच्या हाडातील सळई

"पायात सळई घातली आहे" किंवा "रॉड टाकला आहे" हे वाक्य तुमच्यापैकी बहुतेकांनी घरात, शेजारी किंवा गावात केव्हा ना केव्हा ऐकलेच असेल. मोटारसायकलवरून घसरलेला तरुण, परांचीवरून पडलेला गवंडी, शेतात ट्रॅक्टरखाली पाय सापडलेला शेतकरी, अशा कोणाची तरी ती हकीकत असते. शस्त्रक्रिया होते, थोड्याच दिवसांत तो माणूस कुबड्या घेऊन उभा राहतो आणि काही महिन्यांनी पुन्हा कामावर जाऊ लागतो. ऐकणारा मान डोलावतो आणि विषय तेथेच संपतो.

पण विद्यार्थिमित्रहो, क्षणभर थांबून विचार करा. ही सळई हाडाला बाहेरून बांधलेली नसते. ती हाडाच्या पोटात, वरच्या टोकापासून जवळजवळ घोट्यापर्यंत घातलेली असते. ती आत जाते कशी? आतल्या मज्जेचे काय होते? सळई गंजत कशी नाही? हाडाचे तुकडे तिच्याभोवती फिरत कसे नाहीत? आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न म्हणजे, सळईने हाड जोडले असे आपण म्हणतो तेव्हा ती नेमके काय करते?

यांतील काही उत्तरे जीवशास्त्रात सापडतात. परंतु बरीचशी उत्तरे तुमच्या भौतिकीच्या पुस्तकातील बल, तरफ आणि स्थितिस्थापकता या प्रकरणांतच दडलेली आहेत. म्हणून हाडांविषयीचा हा लेख भौतिकी शिकवणाऱ्या माणसाने लिहिला तर त्यात नवल वाटू नये.

नडगी म्हणजे एक पोकळ खांब

प्रथम आपल्या पायाची ओळख करून घेऊ. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत दोन हाडे असतात. आतल्या अंगाचे जाड हाड ते नडगीचे हाड. करंगळीच्या बाजूला दुसरे एक बारीक हाड असते. शरीराचा बहुतेक सर्व भार नडगीचे हाडच पेलते. चालताना या हाडावर येणारे बल केवळ शरीराच्या वजनाइतके नसते. स्नायूंच्या ओढीमुळे गुडघ्यावर प्रत्येक पावलाला वजनाच्या अडीच ते तीन पट बल येते आणि ते नडगीत उतरते.

आता गुडघ्याच्या वाटीखालून घोट्यापर्यंत आपल्या नडगीवरून बोट फिरवून पाहा. हाड कातडीखाली लगेच हाताला लागते. मांडीच्या हाडाभोवती स्नायूंची जाड गादी असते. नडगीच्या पुढच्या बाजूला ती मुळीच नाही. या एका गोष्टीचे दोन परिणाम होतात. नडगी मोडली की तुटलेले टोक कातडी फाडून सहज बाहेर येते आणि रस्त्यावरची माती थेट हाडाला लागते. शिवाय स्नायू कमी म्हणजे रक्तपुरवठाही कमी. त्यामुळे हे हाड जुळायला वेळ लागतो.

हाड आडवे कापले तर ते नळीसारखे दिसते. बाहेरची भिंत कठीण आणि आत मज्जेने भरलेली पोकळी. ही पोकळी सगळीकडे सारखी रुंद नसते. मध्यभागी ती अरुंद असते आणि दोन्ही टोकांकडे रुंद होत जाते. एखादा उभा, लांबट डमरू डोळ्यांपुढे आणा. हा डमरू लक्षात ठेवा. त्याचे काम पुढे पडणार आहे.

हाड मोडते कसे, हे पाहायला दवाखान्यात जाण्याची गरज नाही. वर्गातील दोन खडू घ्या. एक खडू दोन्ही हातांत धरून वाकवून मोडा. तो जवळजवळ सरळ आडवा तुटेल. दुसरा खडू दोन्ही टोकांना धरून, न वाकवता, केवळ पिळून मोडा. आता तुटलेली बाजू तिरकी, वेटोळ्यासारखी दिसेल. हाडाचेही तसेच आहे. गाडीचा बंपर आडवा आदळला की नडगी बहुधा आडवी मोडते. पाऊल एका जागी अडकून शरीर गर्रकन फिरले, उदाहरणार्थ फुटबॉल खेळताना, तर ती वेटोळ्याच्या रेषेत मोडते. अनुभवी डॉक्टर क्ष-किरण चित्र पाहून अपघात कसा झाला असेल याचा अंदाज बांधतो तो याच नियमाच्या आधारे.

प्लास्टर कोठे कमी पडते?

मोडलेल्या हाडाला बाहेरून आधार देण्याची कल्पना फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत बांबूच्या कामट्या आणि झाडांच्या साली बांधून हाड स्थिर ठेवण्याचे वर्णन आहे. नेदरलँड्सच्या सैन्यातील डॉक्टर अँटोनियस मथायसेन यांनी १८५२ मध्ये प्लास्टर ऑफ पॅरिस लावलेल्या पट्ट्यांची पद्धत प्रसिद्ध केली आणि ती जगभर पसरली. जागेवरून न हललेल्या अस्थिभंगासाठी, आणि विशेषतः लहान मुलांसाठी, प्लास्टर आजही उत्तम उपाय आहे.

पण प्लास्टरची एक मूळ अडचण आहे. ते हाडाला धरत नाही. ते कातडीला धरते. कातडी आणि हाड यांच्यामध्ये मऊ मांस असते. सूज उतरली की प्लास्टर सैल होते आणि आतले तुकडे सरकू शकतात. शिवाय तुकडे हलू नयेत म्हणून वरचा गुडघा आणि खालचा घोटा असे दोन्ही सांधे काही आठवडे जखडून ठेवावे लागतात. सांधे आखडतात, पोटरी सुकते. हातावर पोट असलेल्या माणसाच्या घरी या काळात चूल कशी पेटते, हा प्रश्न क्ष-किरण चित्रात दिसत नाही, पण तो असतोच.

दुसरा उपाय म्हणजे हाडावर धातूची पट्टी बसवून ती स्क्रूंनी आवळणे. सांध्याजवळच्या अस्थिभंगासाठी तो चांगला आहे. परंतु पट्टी हाडाच्या एका बाजूला बसते. ६० किलोग्रॅम वजनाच्या माणसाचे वजन ढोबळमानाने ६०० न्यूटन. चालताना त्याच्या अडीच पट, म्हणजे १,५०० न्यूटन बल हाडाच्या अक्षातून खाली येते असे धरू. पट्टी अक्षापासून दीड सेंटिमीटर दूर असेल आणि तुटलेल्या जागी हाडाचा टेकू नसेल, तर तिला वाकवणारे आघूर्ण १,५०० × ०.०१५ म्हणजे २२.५ न्यूटन-मीटर होईल. हाच आधार हाडाच्या बरोबर मध्यातून नेला तर? तरफेची भुजा जवळजवळ शून्य होते आणि बल अक्षाच्या दिशेने सरळ खाली उतरते. तंबूचा खांब मध्यभागी का रोवतात, याचे उत्तर ज्याला देता येईल त्याला हाडाच्या पोटातील सळईचे तत्त्व समजले.

कील शहरातील शल्यविशारद

ही कल्पना नेटाने पुढे नेणारे शल्यविशारद म्हणजे जर्मनीतील कील शहराचे गेर्हार्ट क्युन्चर (१९००–१९७२). अमेरिकेतील स्मिथ-पीटरसन यांनी खुब्याच्या जवळ मोडलेल्या हाडात तीन पाकळ्यांचा खिळा ठोकण्याची पद्धत १९३१ मध्ये प्रसिद्ध केली होती. छोट्या भागात जे चालते ते संपूर्ण हाडाच्या लांबीत का चालू नये, असा विचार क्युन्चर यांनी केला. प्राण्यांवर प्रयोग केल्यानंतर नोव्हेंबर १९३९ मध्ये त्यांनी एका रुग्णाच्या मोडलेल्या मांडीच्या हाडात गंजरोधक पोलादाची लांब सळई घातली. साधनांच्या रचनेत त्यांना अर्न्स्ट पोल या तंत्रज्ञाची साथ होती.

मार्च १९४० मध्ये बर्लिन येथे शल्यविशारदांच्या सभेत त्यांनी हे काम मांडले तेव्हा अनेकांनी शंका घेतल्या. मज्जेची पोकळी ही जणू पवित्र जागा मानली जात असे. तिच्यात लोखंड घातले तर रक्त कसे तयार होणार? हाड मरणार नाही का? या शंका निरर्थक नव्हत्या. परंतु प्रौढ माणसाच्या लांब हाडाच्या मधल्या भागातील मज्जा मुख्यतः पिवळी, मेदयुक्त असते. रक्तपेशी तयार करणारी लाल मज्जा प्रामुख्याने कंबर, छाती, पाठीचा कणा यांच्या हाडांत असते. पोकळीतील रक्तवाहिन्यांचे जाळे सळईमुळे बिघडते हे खरे, पण हाडावरील पातळ आवरणातून रक्तपुरवठा चालू राहतो आणि आतले जाळे काही आठवड्यांत पुन्हा उभे राहते. मेदाचे कण रक्तात शिरून फुफ्फुसांत अडकण्याचा धोका मात्र खराच असतो. त्यासाठी डॉक्टर आजही सावध असतात.

दुसरे महायुद्ध चालू असल्याने ही पद्धत जर्मनीबाहेर फारशी माहीत नव्हती. जर्मनांच्या कैदेतून परतलेल्या काही अमेरिकी सैनिकांच्या मांडीत लांब धातूची सळई क्ष-किरण चित्रात दिसली, तेव्हा तेथील डॉक्टर चकित झाले. मार्च १९४५ मध्ये टाइम या अमेरिकी साप्ताहिकाने त्याची बातमी छापली.

मांडीचे काम नडगीत जसेच्या तसे चालेना. नडगीच्या हाडाचा माथा म्हणजे गुडघ्याच्या सांध्याचा गुळगुळीत पृष्ठभाग. तेथे भोक पाडले तर सांधा बिघडेल. म्हणून सळई माथ्याच्या पुढच्या कडेपासून तिरकी आत घालावी लागते आणि मग पोकळीत सरळ वळवावी लागते. सरळ सळई अशी कशी वळणार? १९५० मध्ये जर्मनीतीलच हर्झोग यांनी सळईला वरच्या टोकाशी थोडा बाक दिला. आजही नडगीची सळई ओळखायची खूण म्हणजे हा बाक.

चौथ्या घाताची करामत

सळई किती जाड असावी? येथे एक सुंदर नियम कामी येतो. गोल सळईचा वाकण्याला होणारा विरोध तिच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. ८ मिलिमीटरऐवजी १० मिलिमीटरची सळई घेतली तर व्यास सव्वा पट होतो. १.२५ चा चौथा घात करून पाहा. उत्तर येते सुमारे २.४४. म्हणजे दोनच मिलिमीटरने सळई जवळजवळ अडीच पट ताठ झाली! म्हणून शल्यविशारद डमरूचा अरुंद भाग गिरमिटासारख्या हत्याराने अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरने रुंद करत जातो. ही पद्धतही क्युन्चर यांनीच रूढ केली.

आता उलट विचार करा. १० मिलिमीटरच्या सळईत मध्यभागी ५ मिलिमीटरचे आरपार भोक ठेवले तर काय होईल? वजन पावपट कमी होईल. ताठपणा मात्र अर्ध्याच्या चौथ्या घाताइतका, म्हणजे फक्त सोळाव्या हिश्शाने कमी होईल. अनेक सळया पोकळ असतात त्या यामुळेच. पोकळीतून बारीक तार ओवता येते आणि त्या तारेच्या वाटेवरून सळई बरोबर खाली उतरते. निसर्गाने मूळ हाड पोकळ का ठेवले, याचेही कारण तुमच्या आता ध्यानात आले असेल.

धातूची निवडही महत्त्वाची. शरीरातील द्रव खारट असतो. त्यात दोन वेगळे धातू एकमेकांना लागून ठेवले तर विद्युतघटच तयार होतो आणि एक धातू झिजू लागतो. अमेरिकेतील व्हेनेबल व स्टक यांनी १९३७ मध्ये ही गोष्ट प्रयोगांनी स्पष्ट केली. आज क्रोमियम, निकेल व मॉलिब्डेनम असलेले खास गंजरोधक पोलाद किंवा टायटॅनियमचा मिश्रधातू वापरतात. दोहोंच्याही पृष्ठभागावर ऑक्साइडचा अदृश्य, घट्ट थर असतो. तोच त्यांचे कवच. पोलाद हाडापेक्षा सुमारे दहा पट ताठ असते आणि टायटॅनियमचा मिश्रधातू त्याच्या जवळजवळ निम्मा.

पीळ आणि कुलूप: एक प्रयोग

आता एक प्रयोग करून पाहा. पपईच्या पानाचा लांब देठ घ्या. तो हाडासारखाच पोकळ असतो. चीक हाताला लागू देऊ नका. दोन्ही टोके कापा आणि देठाचे मधोमध दोन तुकडे करा. वहीच्या कागदाची घट्ट सुरळी करून ती दोन्ही तुकड्यांच्या पोकळीत घाला. झाली तुमची शस्त्रक्रिया!

आता जोडलेला देठ वाकवून पाहा. तो चांगला विरोध करील. मग दोन्ही टोके धरून पिळून पाहा. तुकडे सुरळीभोवती सहज फिरतील. पायात असे झाले तर पाऊल बाहेरच्या किंवा आतल्या बाजूला वळलेले राहील. शेवटी मोडलेल्या जागेचा एखादा सेंटिमीटर कापून टाका, म्हणजे हाडाचा चुरा झाला असे समजा, आणि देठ दोन्ही टोकांनी दाबा. तुकडे जवळ येतील. पाय आखूड होईल.

क्युन्चर यांची सळई पोकळीत स्प्रिंगसारखी दबून बसत असे आणि त्या घट्टपणावर तुकडे धरून ठेवत असे. पण डमरू आठवा! सळई फक्त अरुंद भागातच घट्ट बसते. टोकांकडे पोकळी रुंद झाली की पकड संपते. हाड गुडघ्याजवळ किंवा घोट्याजवळ मोडले असेल, अथवा त्याचा चुरा झाला असेल, तर नुसती सळई अपुरी पडे.

यावर उपाय तुमच्या हातातच आहे. देठाच्या वरच्या तुकड्यातून दोन आणि खालच्या तुकड्यातून दोन टाचण्या सुरळीच्या आरपार टोचा. आता पिळून आणि दाबून पाहा. तुकडे ना फिरतील ना सरकतील. सळईला आधीच आडवी भोके ठेवून हाडातून त्यांत स्क्रू घालण्याची ही पद्धत १९७० च्या दशकात जर्मनीत आणि फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे विकसित झाली. तिला सळईला कुलूप लावणे असेच म्हणतात. या कुलपामुळे पूर्वी सळई न चालणारे कितीतरी अस्थिभंग तिच्या कक्षेत आले.

प्रयोगाचा दुसरा भाग अधिक गमतीचा आहे. सुरळी बाहेर काढा. तिच्या खालच्या टोकाजवळ दाभणाने एक आरपार भोक पाडा आणि सुरळी पुन्हा आत घाला. आता बाहेरून टाचणी टोचून ते भोक शोधा. चार-सहा वेळा तरी चुकाल. शल्यविशारदापुढे नेमकी हीच अडचण असते. भोक दिसत नाही. ते हाडाच्या आत, मांसाखाली असते.

शस्त्रक्रियेच्या खोलीत

मोठ्या रुग्णालयात ही अडचण क्ष-किरणांनी सोडवतात. रुग्णाला भूल देऊन गुडघा वाकवतात. वाटीजवळ लहानसा छेद घेऊन हाडाच्या वरच्या कडेला आरीने भोक पाडतात. पोकळीतून तार घालून ती मोडलेल्या जागेपलीकडे नेतात. पोकळी रुंद करतात आणि तारेवरून सळई हलके हलके आत ठोकतात. बंद अस्थिभंगात मोडलेली जागा सहसा उघडावी लागत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण आहे. तेथे साकळलेले रक्त आणि हाडावरील आवरण जागच्या जागी राहते आणि जंतूंना वाट मिळत नाही.

हे सर्व चालू असताना शेजारी इंग्रजी सी अक्षराच्या आकाराचे क्ष-किरण यंत्र असते. डॉक्टरांच्या भाषेत तो सी-आर्म. पडद्यावर हाड आणि सळई दिसतात. भोक बरोबर समोर आले हे कसे कळते? एक नाणे डोळ्यांसमोर धरून हळूहळू तिरपे करा. वर्तुळाचे लंबवर्तुळ होते. सळईचे भोकही क्ष-किरणांच्या दिशेशी तिरपे असेल तर पडद्यावर लंबगोल दिसते. ते अगदी गोल दिसेपर्यंत यंत्र फिरवायचे. गोल दिसले की त्याच दिशेने ड्रिल चालवायचे.

जेथे वीजही भरवशाची नाही

परंतु सी-आर्म महाग असतो. त्याला भरवशाची वीज लागते, दुरुस्तीला माणूस लागतो. आशिया आणि आफ्रिकेतील असंख्य रुग्णालयांत यांतील एकही गोष्ट नसते आणि रस्त्यावरचे अपघात मात्र तेथेच अधिक. अमेरिकेतील अस्थिशल्यविशारद लुईस झर्कल यांनी व्हिएतनाम युद्धाच्या काळात सैन्यात काम केले होते आणि पुढे अनेक वर्षे ते आशियातील रुग्णालयांत शिकवायला जात असत. शल्यविशारदांकडे कौशल्य आहे, साधने नाहीत, हे त्यांनी पाहिले. १९९९ मध्ये त्यांनी वॉशिंग्टन राज्यातील रिचलंड गावी साइन नावाची संस्था सुरू केली.

साइनच्या सळईची युक्ती तुम्ही पपईच्या देठावर करू शकता. सुरळीच्या वरच्या टोकाला पुठ्ठ्याची एक पट्टी अशी बांधा की ती देठाच्या बाहेर, देठाला समांतर उभी राहील. सुरळीतले भोक वरच्या टोकापासून जितके दूर आहे तितक्याच अंतरावर पट्टीला भोक पाडा. सुरळी आत घातली की आतले भोक दिसत नाही, पण पट्टीवरचे दिसते. पट्टीच्या भोकातून टाचणी सरळ आत घाला. ती आतल्या भोकात जाईल. सळईला जोडलेला बाहेरचा मार्गदर्शक दांडा हेच काम करतो.

यात एक मेख आहे. आत जाताना सळई किंचित जरी वाकली किंवा पिळली तरी आतले भोक आणि बाहेरचे भोक यांचा मेळ चुकतो. पोकळ आणि लांबीने चिरलेली नळी पिळाला फार कच्ची असते. पुठ्ठ्याची नळी एका बाजूने उभी चिरून पिळून पाहा, म्हणजे खात्री पटेल. म्हणून साइनची सळई भरीव ठेवली आहे आणि खालच्या टोकाला भोकाऐवजी लांबट खाचा ठेवल्या आहेत, म्हणजे थोडी चूक खपून जाते. पोकळी हाताने फिरवायच्या गिरमिटांनी रुंद करतात आणि खाच सापडली की नाही हे शल्यविशारद हाताच्या जाणिवेने ओळखतो. शस्त्रक्रिया चालू असताना क्ष-किरण लागत नाहीत. ही संस्था गरीब देशांतील रुग्णालयांना सळया मोफत देते. त्या बदल्यात शल्यविशारदांनी प्रत्येक रुग्णाची क्ष-किरण चित्रे आणि पुढील प्रगती संस्थेकडे पाठवायची असते. पन्नासहून अधिक देशांत काही लाख रुग्णांना या सळया बसवल्या गेल्या आहेत.

शर्यत

आता सुरुवातीच्या मुख्य प्रश्नाकडे वळू. सळई हाड जोडते का? नाही. हाड स्वतःच जुळते. मोडलेल्या जागी रक्त साकळते, त्यात पेशी शिरतात, प्रथम मऊ कूर्चेसारखा आणि मग कठीण हाडाचा गोळा तयार होतो आणि पुढे कित्येक महिने त्याची घडण चालू राहते. सळई फक्त तेवढा काळ तुकडे योग्य जागी धरून ठेवते. ती वेळ मिळवून देते.

या कामात निसर्गही चौथ्या घाताचा उपयोग करतो. नवा गोळा मूळ हाडापेक्षा जाड असतो. समजा, हाडाचा व्यास २५ मिलिमीटर आणि गोळ्याचा ३५. गुणोत्तर १.४; त्याचा चौथा घात सुमारे ३.८. म्हणजे गोळ्यातील कच्चे हाड पक्क्या हाडाच्या पावपट ताठ असले, तरी जाडीमुळे एकंदर आधार जवळपास मूळ हाडाइतका होतो. काम झाल्यावर शरीर हा जादा भाग हळूहळू झिजवून टाकते.

पण सळईजवळ अमर्याद वेळ नसतो. एखादी तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, हे तुम्हाला ठाऊक आहे. वाकवणे अगदी थोडे असेल तर जास्त वेळा सहन होते, एवढेच. याला धातूचा थकवा म्हणतात. दिवसाला ५,००० पावले धरली तर प्रत्येक पायावर २,५०० वेळा भार येतो. नडगी जुळायला अनेकदा चार ते सहा महिने लागतात. १४० दिवस धरले तरी साडेतीन लाख वेळा! म्हणूनच प्रयोगशाळेत अशा सळयांना दहा लाख आवर्तनांपर्यंत भार देऊन पाहतात.

तेव्हा मोडलेल्या पायात एक शर्यत चाललेली असते. एकीकडे हाड जुळत असते, दुसरीकडे धातू थकत असतो. बहुतेक वेळा हाड जिंकते. हाडाने भार उचलायला सुरुवात केली की सळईचा वाटा कमी होतो आणि ती वाचते. पण जखमेत जंतू शिरले, रक्तपुरवठा कमी पडला किंवा तुकड्यांत मोठी फट राहिली, तर हाड मागे पडते आणि एके दिवशी पोलादी सळईसुद्धा तुटते. तंबाखूचे धूम्रपान हाड जुळण्याचा वेग कमी करते हे दिसून आलेले आहे. म्हणून विडी-सिगारेट सोडा असे डॉक्टर सांगतात, तेव्हा तो सळईच्या हिशेबातीलच एक भाग असतो. किती आणि केव्हा भार द्यायचा हेही त्यांनाच विचारावे. अगदी न चालणे चांगले नाही. योग्य वेळी दिलेला थोडा भार हाडाला जुळायला उत्तेजन देतो.

वाढीच्या वयातील मुलांत ही सळई सहसा घालत नाहीत. नडगीच्या वरच्या टोकाशी, जेथून हाड लांबीला वाढते, तो कूर्चेचा थर ती भेदून जाईल. त्यांच्यासाठी प्लास्टर किंवा दोन बारीक लवचीक तारा असे वेगळे उपाय आहेत.

आणि अपघात तुमच्या डोळ्यांदेखत झाला तर? मोडलेला पाय ओढून सरळ करण्याचा प्रयत्न करू नका. हाड बाहेर आले असेल तर ते आत ढकलू नका. स्वच्छ कापडाने झाका, आहे त्या स्थितीत दोन्ही बाजूंना फळ्या किंवा बांबूच्या कामट्या बांधा, वरचा आणि खालचा सांधा हलणार नाही असे पाहा, आणि विनाविलंब रुग्णालयात न्या. उघड्या जखमेत जंतुनाशक औषध जितक्या लवकर मिळेल तितकी शर्यतीत हाडाची बाजू भक्कम होते.

शर्यत जिंकली हे कसे ओळखायचे? क्ष-किरण चित्रात गोळा दिसतो, हे एक उत्तर. साइनच्या शल्यविशारदांनी आणखी एक सोपी परीक्षा ठेवली आहे. काही महिन्यांनी रुग्णाला उकिडवे बसायला सांगतात आणि त्याचे छायाचित्र घेतात. गुडघा पूर्ण वाकतो आहे, हाड भार पेलते आहे आणि चेहऱ्यावर वेदना नाही, हे एका चित्रात दिसते. शेतात खुरपणाऱ्या किंवा भट्टीवर विटा थापणाऱ्या माणसाला याहून अधिक पुरावा नको असतो.